वस्तूमागील ग्रंथ
(मोठ्या संग्रहालयांतील ग्रंथालयांची ओळख)

पदार्थसंग्रहालय म्हटलें म्हणजे कांचेचीं कपाटें, दगडी मूर्ती, जुनीं शस्त्रें आणि त्यांमधून हळूहळू पुढें सरकणारी माणसांची रांग असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. हें चित्र खोटें नाहीं. परंतु तें अर्धेंच आहे. ज्या इमारतींत वस्तू मांडिलेल्या असतात, त्याच इमारतीच्या आंतल्या बाजूस, पुष्कळदां एखाद्या साध्या बंद दारामागें, पुस्तकांनीं भरलेल्या खोल्या असतात. वस्तूखालीं चार ओळींची जी चिठी लाविलेली असते, ती या खोल्यांतच जन्मास येते. त्या चार ओळी लिहिण्यासाठीं कोणीतरी अनेक ग्रंथ चाळलेले असतात, जुन्या नोंदी ताडून पाहिलेल्या असतात आणि एखादा शब्द घालावा कीं गाळावा याचा दिवसचे दिवस विचार केलेला असतो.

वस्तु आपण होऊन बोलत नाहीं. ती कोठें सांपडली, कोणीं घडविली, कोणत्या कामास येत असे, तिच्यासारख्या आणखी वस्तू जगांत कोठें आहेत, हें सर्व सांगणारा ग्रंथच असतो. म्हणून ज्या संग्रहालयाजवळ ग्रंथ नाहींत तें मुक्या माणसांच्या सभेसारखें होय. या लेखांत लंडन येथील ब्रिटिश म्यूझियम या एकाच मोठ्या संग्रहालयाचें उदाहरण घेऊन, अशीं ग्रंथालयें कशीं उत्पन्न झालीं, त्यांत काय पाहावयास मिळतें, आणि विद्यार्थ्यानें तेथें कोणत्या तयारीनें जावें, या तीन गोष्टींचा क्रमानें विचार करूं.

संग्रहालय आणि ग्रंथालय: एकाच घरांतील दोन भावंडें

सर हॅन्स स्लोन या नांवाचे एक वैद्य लंडनमध्यें राहत असत. वनस्पति, प्राणी, नाणीं, ग्रंथ, हस्तलिखितें अशा नानाविध वस्तू त्यांनीं जन्मभर जमविल्या. इ. स. १७५३ मध्यें ते वारले, तेव्हां या संग्रहांतील वस्तूंची संख्या ७१ हजारांच्या वर गेली होती. आपल्या वारसांस २० हजार पौंड देऊन हा संग्रह राष्ट्रानें घ्यावा, अशी इच्छा त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविली होती. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा करून ब्रिटिश म्यूझियमची स्थापना केली, आणि १५ जानेवारी १७५९ रोजीं त्याचीं दारें लोकांस उघडीं झालीं. येथें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्लोन यांच्या संपत्तीचा कांहीं भाग त्यांच्या पत्नीकडून आलेल्या जमेका बेटांतील ऊंसाच्या मळ्यांचा होता, आणि त्या मळ्यांवर गुलामांकडून राबवून घेतलें जात असे. आज हें सत्य संग्रहालय स्वतःच आपल्या प्रेक्षकांस सांगतें. वस्तूमागील ग्रंथ वाचले म्हणजे केवळ वस्तूचाच नव्हे, तर ती जमविणाऱ्याचाहि इतिहास उलगडतो.

स्थापनेच्या वेळींच सर रॉबर्ट कॉटन व हार्ली घराणें यांनीं जमविलेलीं मौल्यवान् हस्तलिखितें या संस्थेंत आलीं. १७५७ सालीं राजे दुसरे जॉर्ज यांनीं जुनें राजघराण्याचें ग्रंथालय दिलें. १८२३ सालीं राजे तिसरे जॉर्ज यांचा ६० हजारांहून अधिक ग्रंथांचा संग्रह त्यांच्या पुत्रानें राष्ट्राच्या स्वाधीन केला, आणि तो ठेवण्यासाठीं एक लांबलचक भव्य दालन बांधावें लागलें. तात्पर्य, वस्तु आणि ग्रंथ हीं या घरांत एकत्र वाढलेलीं भावंडें होत. एक आधीं व दुसरें मागाहून आलें असें झालें नाहीं.

गोल वाचनमंदिर

ग्रंथ वाढले, तसे वाचकहि वाढले. आणि बसावयास जागा उरली नाहीं. या अडचणींतून मार्ग काढणारा पुरुष इंग्रज नव्हता. अँटोनिओ पानीत्सी हा इटलीचा रहिवासी. स्वदेशांतील राजकीय चळवळींत पडल्यामुळें त्याला देश सोडावा लागला आणि १८२३ सालीं तो इंग्लंडांत निर्वासित म्हणून आला. १८३१ सालीं तो ब्रिटिश म्यूझियमच्या नोकरींत शिरला, १८३७ सालीं छापील ग्रंथांचा मुख्य झाला आणि १८५६ सालीं सर्व संस्थेचा प्रमुख झाला. ग्रंथांची यादी कशी करावी याचे ९१ नियम १८४१ सालीं छापण्यांत आले. ते मुख्यतः त्याच्याच परिश्रमाचें फळ होत. पुढें जगांतील कित्येक ग्रंथालयांनीं त्या नियमांपासून धडा घेतला. गरीब विद्यार्थ्यालाहि आपली ज्ञानाची भूक भागविण्याचीं साधनें श्रीमंतांतल्या श्रीमंताइतकींच मिळावींत, असें त्याचें मत होतें, आणि सरकारी चौकशी समितीपुढें त्यानें तें निर्भीडपणें मांडिलें होतें.

त्याच्या कल्पनेप्रमाणें सिडनी स्मर्क या शिल्पज्ञानें संग्रहालयाच्या मधल्या मोकळ्या चौकांत एक गोलाकार वाचनमंदिर बांधिलें. तें १८५७ सालच्या मे महिन्यांत उघडण्यांत आलें. त्याच्या घुमटाचा व्यास १४० फूट आहे. बांधणी लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेली असून आंतील छत कागदाच्या लगद्यापासून केलेलें आहे. मध्यें ग्रंथपालांची बैठक, तिच्याभोंवतीं यादीचे जाडजूड खंड, आणि चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बाहेर पसरत गेलेलीं वाचकांचीं मेजें, अशी तेथील रचना होती. ग्रंथांसाठीं केलेल्या फळ्यांची लांबी एकूण २५ मैल भरत असे.

या मंदिरांत बसून कार्ल मार्क्स यांनीं आपल्या ग्रंथाची सामग्री जमविली. लेनिन यांनीं दुसऱ्याच नांवानें प्रवेशपत्र घेतलें. चीनच्या लोकराज्याचे संस्थापक सुन् यत्-सेन हेहि तेथें येऊन वाचीत असत. आपणां महाराष्ट्रीयांस तर ही जागा विशेष आदराची वाटावी, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्यें शिकत असतां या वाचनालयांत दिवसच्या दिवस अभ्यास करीत. हाताशीं पैसा बेताचा, पोटाला अन्न बेताचें, परंतु वाचन मात्र बेताचें नाहीं, असा तो काळ होता. १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल लंडन विद्यापीठानें त्यांस डी. एस्सी. ही पदवी दिली. ज्या मुलास शाळेंत इतर मुलांपासून दूर बसावें लागलें होतें, त्याला त्या गोल घुमटाखालीं इतर सर्वांसारखें एक मेज मिळालें. पानीत्सीच्या मताचा याहून चांगला दाखला दुसरा कोणता द्यावा?

भावंडांची ताटातूट

दुसऱ्या महायुद्धांत या ग्रंथांवर मोठें संकट आलें. १९४१ सालच्या मे महिन्यांत विमानांतून आगीचे गोळे पडून ग्रंथकोठाराचा एक भाग जळाला व सुमारे अडीच लक्ष ग्रंथ नष्ट झाले. युद्धानंतर जागेचा प्रश्न अधिकच बिकट झाला. अखेर १९७२ सालीं कायदा होऊन १९७३ सालापासून ब्रिटिश लायब्ररी ही निराळी संस्था झाली. तिची नवी इमारत सेंट पँक्रस येथें उभी राहिली, आणि १९९७ सालीं जुनें वाचनमंदिर या कामासाठीं बंद झालें. त्याच्या सभोंवतालच्या चौकावर पुढें कांचेचें प्रचंड छत घालण्यांत आलें व तो चौक २००० सालीं लोकांस खुला झाला. त्याच वर्षीं गोल मंदिरांत सर्वसाधारण लोकांसाठीं एक संदर्भग्रंथालय उघडण्यांत आलें होतें. परंतु नंतर ती जागा प्रदर्शनांसाठीं लागली, आणि २०११ सालीं तें ग्रंथालय कायमचें बंद झालें.

ही ताटातूट कांहीं अंशीं अपरिहार्य होती. लक्षावधि ग्रंथ एका चौकांत किती दिवस कोंबावयाचे? तथापि तिच्यामुळें काय झालें हेंहि समजून घेतलें पाहिजे. आंध्र देशांतील अमरावतीचा बौद्ध स्तूप आपण इतिहासांत वाचतों. त्याच्या कोरीव शिळांचा एक मोठा भाग आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. कर्नल कॉलिन मॅकेंझी यांनीं १८१६ सालच्या सुमारास आपल्या चित्रकारांकडून या स्तूपाच्या शिळांचीं जीं चित्रें काढून घेतलीं, त्यांचा संग्रह मात्र ब्रिटिश लायब्ररींत आहे. चित्रांत दिसणाऱ्या कांहीं शिळा पुढें नाहींशा झाल्या. त्यांचें स्वरूप आतां केवळ त्या कागदांवरूनच कळतें. स्तूप समजून घेऊं इच्छिणाऱ्या अभ्यासकास एका इमारतींत शिळा व दुसऱ्या इमारतींत कागद पाहावे लागतात.

आपल्या भाषेचीहि गोष्ट अशीच आहे. ब्रिटिश म्यूझियममधील छापील मराठी व गुजराती पुस्तकांची यादी जे. एफ्. ब्लमहार्ट यांनीं १८९२ सालीं, आणि मराठी व इतर कांहीं देशी भाषांतील हस्तलिखितांची यादी १९०५ सालीं प्रसिद्ध केली. त्या याद्यांवर म्यूझियमचें नांव आहे. परंतु तीं पुस्तकें पाहावयाचीं असतील तर आज ब्रिटिश लायब्ररींतच गेलें पाहिजे. जुन्या पुस्तकांत ‘ब्रिटिश म्यूझियमांतील प्रत’ असा उल्लेख आढळला म्हणजे विद्यार्थ्यानें ही गोष्ट ध्यानांत धरावी.

विभागांचीं ग्रंथालयें

तर मग संग्रहालयांत ग्रंथ उरलेच नाहींत कीं काय? तसें मुळींच नाहीं. सर्वसाधारण ग्रंथालय गेलें, परंतु प्रत्येक विभागाचें स्वतःचें विशेष ग्रंथालय तेथेंच राहिलें. कारण त्याशिवाय विभागाचें काम एक दिवसहि चालणार नाहीं. यांपैकीं चार ठिकाणीं आपण मनानें जाऊन येऊं.

पहिलें, नाण्यांचें दालन. येथें सुमारे ८ लक्ष नाणीं, पदकें व नोटा आहेत. नाणें हातांत घेतलें तरी शेजारीं सूचिग्रंथ नसेल, तर तो धातूचा एक गोल तुकडाच होय. ई. जे. रॅप्सन यांनीं १९०८ सालीं आंध्र राजे व पश्चिम क्षत्रप यांच्या नाण्यांची सूचि या संग्रहालयातर्फे प्रसिद्ध केली. आपण ज्यांना सातवाहन म्हणतों, त्या राजांचा, म्हणजेच महाराष्ट्राच्या आद्य इतिहासाचा, हा एक पायाभूत ग्रंथ आहे. पश्चिम क्षत्रपांच्या पुष्कळ नाण्यांवर राजाचें नांव, त्याच्या पित्याचें नांव आणि वर्ष हीं तिन्हीं असतात. त्यामुळें हीं नाणीं क्रमानें लावलीं असतां एका राजघराण्याची वंशावळच तयार होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जन्मभर कष्टानें जमविलेलीं नाणीं त्यांच्या मृत्यूनंतर याच संग्रहालयांत गेलीं. हे विद्वान् मुंबईस डॉ. भाऊ दाजी यांच्या सहवासांत तयार झाले व १८८८ सालीं वारले.

याच नाण्यांशीं निगडित अशी आपल्या नाशिक जिल्ह्यांतील एक गोष्ट आहे. १९०६ सालीं जोगलटेंभी या गांवीं क्षत्रप नहपान याच्या रुप्याच्या नाण्यांचा मोठा ठेवा सांपडला. त्यांत तेरा हजारांवर नाणीं होतीं, आणि त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी यानें आपला ठसा पुन्हा उठविलेला होता. शत्रूचें नाणें वितळविण्याच्या भरीस न पडतां त्याच्या तोंडावरच आपला शिक्का मारणें, म्हणजे विजयाची दवंडीच होय. परंतु खालचा अस्पष्ट ठसा कोणाचा व वरचा कोणाचा, हें ओळखण्यास अगोदर दोघांचीं निर्मळ नाणीं व त्यांची सूचि जवळ असावी लागते. इतिहास असा तुलनेनें सिद्ध होतो.

दुसरें, चित्रांचें दालन. येथें ५० हजारांहून अधिक रेखाचित्रें व २० लक्षांहून अधिक छापील चित्रें आहेत. कागदास उजेडाची बाधा होत असल्यामुळें यांतील फारच थोडीं चित्रें एका वेळीं भिंतीवर लाविलीं जातात. बाकीचीं पेट्यांत राहतात आणि अभ्यासिकेंत मागणीप्रमाणें दाखविलीं जातात. यांत आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकारानें १५१५ सालीं काढलेलें गेंड्याचें रेखाचित्र आहे. तें स्लोन यांच्याच संग्रहांतून आलें. हा गेंडा आपल्या बाजूचा होता! गुजराथचा सुलतान मुजफ्फरशहा यानें तो पोर्तुगीजांस भेट दिला. गोव्याहून तो जहाजांत चढविण्यांत आला आणि १५१५ सालच्या मे महिन्यांत लिस्बन येथें पोंचला. ड्यूररनें तो कधींच पाहिला नाहीं. दुसऱ्यानें पाठविलेलें वर्णन व कच्चें चित्र यांवरून त्यानें तो काढला, आणि त्याच्या पाठीवर एक लहानसें जादा शिंग बसविलें. या रेखाचित्रावरून केलेला लांकडी ठसा इतका लोकप्रिय झाला कीं, पुढें कित्येक पिढ्या युरोपांतील पुस्तकांत गेंडा म्हणून हाच शिंगाळ प्राणी छापला जात होता. जवळच्या ग्रंथांत या सर्व नकला एकामागून एक पाहिल्या म्हणजे एक मोठा धडा मिळतो: चित्र सुंदर आहे एवढ्यावरून तें खरें ठरत नाहीं, आणि पुष्कळ पुस्तकांत एकच गोष्ट सांपडली म्हणजे पुष्कळांनीं ती पाहिली असेंहि नव्हे.

तिसरें, पश्चिम आशियाचें दालन. येथें मातीच्या विटांवर कीलाकार अक्षरांत लिहिलेले लेख आहेत. त्यांची संख्या सुमारे एक लक्ष तीस हजार आहे. यांतील ३० हजारांहून अधिक विटा व तुकडे एकाच जागचे, म्हणजे अश्शूर देशचा राजा अश्शुरबनिपाल यानें ख्रिस्तपूर्व सातव्या शतकांत निनवे नगरींत स्थापन केलेल्या ग्रंथालयाचे आहेत. म्हणजे हें ग्रंथालयाच्या आंत आणखी एक ग्रंथालयच झालें. त्यांतील पुष्कळ विटांच्या शेवटीं ग्रंथाचें नांव, विटेचा क्रमांक आणि पुढील विटेची पहिली ओळ दिलेली असते, कीं त्यायोगें क्रम चुकूं नये. ख्रिस्तपूर्व ६१२ मध्यें शत्रूंनीं निनवे जाळलें. कागदाचा ग्रंथ असता तर राख झाली असती. मातीची वीट मात्र भाजून अधिक पक्की झाली!

या विटा वाचणारांपैकीं जॉर्ज स्मिथ याचें चरित्र प्रत्येक गरीब मुलानें ध्यानांत ठेवावें. हा मुलगा चौदाव्या वर्षीं नोटांचे ठसे कोरण्याच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून लागला. जेवणाच्या सुट्टींत तो संग्रहालयांत जाई व विटांवरील अक्षरें निरखीत बसे. त्याची तयारी पाहून पुढें संग्रहालयानें त्यास कामावर घेतलें. १८७२ सालीं एका फुटक्या विटेवर त्यास जलप्रलयाची कथा सांपडली: नौका, डोंगराला लागलेली ती नौका, आणि कोरडी जमीन शोधण्यासाठीं सोडलेला पक्षी. पवित्र शास्त्रांतील नोहाच्या कथेशीं तिचें साम्य पाहून सर्वत्र खळबळ उडाली. त्या वर्षाच्या ३ डिसेंबर रोजीं त्यानें आपला निबंध वाचला, तेव्हां मुख्य प्रधान ग्लॅडस्टन हे स्वतः ऐकावयास आले होते. स्मिथला विद्यापीठाची पायरी चढावयास मिळाली नव्हती. परंतु संग्रहालयाचें दार त्याला उघडें होतें, आणि जेवणाची सुट्टी त्याची स्वतःची होती.

चौथें, मानववंशशास्त्राचें ग्रंथालय. जगांतील निरनिराळ्या लोकांच्या चालीरीति, घरें, वस्त्रें, होड्या, वाद्यें यांविषयींचे ग्रंथ येथें आहेत. हेन्री ख्रिस्ती नांवाच्या एका व्यापाऱ्याचा संग्रह १८६५ सालीं त्याच्या मृत्यूनंतर संग्रहालयास मिळाला, तेथून या शाखेस जोर आला. आणि १९७६ सालीं रॉयल अँथ्रॉपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचें जुनें ग्रंथालयहि तिला येऊन मिळालें. कपाटांतील एखादी विणलेली टोपली पाहून आपण ‘सुरेख आहे’ असें म्हणतों व पुढें जातों. ती टोपली कोणत्या गवताची, स्त्रिया विणीत कीं पुरुष, तिच्यांत मासे ठेवीत कीं बीं, हें त्या लोकांत राहून आलेल्याच्या ग्रंथांतूनच कळतें. तें कळल्यानंतर टोपली विणणारा हात दिसूं लागतो, आणि परक्या लोकांस हंसण्याची संवय आपोआप सुटते.

यादी नसली म्हणजे काय होतें

वर वारंवार ‘सूचि’ हा शब्द आला. यादी म्हणजे रूक्ष वस्तु असें मुलांस वाटतें. परंतु अलीकडच्या दोन गोष्टी पाहा. १९२३ नव्हे, तर आपल्याच डोळ्यांदेखतच्या २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ब्रिटिश म्यूझियमनें जाहीर केलें कीं, आपल्या कोठारांतील कित्येक लहान मौल्यवान् वस्तू हरवल्या, चोरीस गेल्या अथवा खराब झाल्या आहेत. पुढें अशा वस्तूंची संख्या सुमारे दोन हजार असल्याचें सांगण्यांत आलें. त्यांतील पुष्कळ वस्तूंची पुरी नोंद अथवा छायाचित्रच नव्हतें. ज्याची नोंद नाहीं तें गेलें तरी कोणास कळणार, आणि सांपडलें तरी आपलें म्हणून कसें सिद्ध करणार? त्यानंतर संग्रहालयानें सर्व वस्तूंची संपूर्ण नोंद पांच वर्षांत पुरी करण्याचा संकल्प सोडला.

त्याच वर्षींच्या ऑक्टोबर महिन्यांत ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर दुष्टांनीं हल्ला केला. एकहि पुस्तक फळीवरून हललें नाहीं. परंतु यादी बंद पडली, आणि त्याबरोबर असंख्य ग्रंथ असून नसल्यासारखे झाले. पुढील जानेवारींत यादीचा मुख्य भाग पुन्हा सुरू झाला, तेव्हां कोठें वाचकांचा जीव खालीं पडला. पहिल्या गोष्टींत यादी नव्हती म्हणून वस्तु गेली. दुसऱ्या गोष्टींत वस्तु होती, पण यादीवांचून सांपडेना. पानीत्सीनें यादीच्या नियमांसाठीं इतका हट्ट कां धरिला होता, याचें उत्तर या दोन गोष्टींत आहे.

विद्यार्थ्यानें कसें जावें

अशा ग्रंथालयांत जाणें हें बागेंत फिरावयास जाण्यासारखें नाहीं. त्यासाठीं कांहीं नियम ध्यानांत ठेवावे.

१. प्रश्न घेऊन जावें. ‘मला नाणीं पाहावयाचीं आहेत’ असें म्हणणाऱ्यास कोणी मदत करूं शकत नाहीं. ‘नहपानाच्या नाण्यावरील पुन्हा उठविलेला ठसा मला पाहावयाचा आहे’ असें म्हणणाऱ्यास ग्रंथपाल आनंदानें साह्य करतो.

२. घरीं मिळतें तें घरींच वाचून जावें. ब्रिटिश म्यूझियमच्या लक्षावधि वस्तूंची यादी, पुष्कळशी चित्रांसह, आज संगणकावर कोणासहि पाहतां येते. तींतून वस्तूचा क्रमांक उतरून घ्यावा. क्रमांक हीच त्या घराची किल्ली होय.

३. आधीं कळवावें. विशेष ग्रंथालयें व अभ्यासिका बहुधा पूर्वसूचनेनेंच पाहावयास मिळतात. त्यांच्या वेळा व नियम बदलतात. म्हणून पत्र पाठवून आपलें नांव, आपला प्रश्न आणि हवा असलेला ग्रंथ अथवा वस्तु स्पष्ट लिहावी, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा.

४. शाई नेऊं नये, शिसपेन्सिल न्यावी. हात धुऊन कोरडे करावे. पिशवी, खाऊ, पाणी हीं बाहेर ठेवावीं. पान वरच्या कोपऱ्याकडून हलक्या हातानें उलटावें. बोट ओलें करून कधींहि उलटूं नये.

५. जें उतरून घ्याल त्याबरोबर ग्रंथाचें नांव, कर्ता, साल व पृष्ठ लिहून घ्यावें. हें न केल्यास महिन्यानें आपलेंच टिपण आपणांस परकें होतें.

६. ग्रंथपालास विचारण्यास लाजूं नये, आणि निघतांना आभार मानण्यास विसरूं नये.

जवळचें सोडून दूर पाहूं नये

हें वाचून कोणी म्हणेल कीं, लंडन कोठें आणि आम्ही कोठें! पण ही सबब लटकी आहे. मुंबईस १८०४ सालीं स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीजवळ ग्रंथ आहेत व नाणींहि आहेत. तेथीलच छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ सालीं लोकांस खुलें झालें. त्यासहि स्वतःचें ग्रंथालय आहे. पुण्यास १९१० सालीं निघालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ व १९१७ सालीं निघालेलें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर यांत पोथ्या व कागदपत्रें जपून ठेविलीं आहेत. गोमंतकांत पणजी येथील मध्यवर्ती ग्रंथालयाचा आरंभ तर १८३२ सालचा आहे. या संस्थांच्या दाराशीं जाऊन ‘मला आंत येतां येईल काय?’ असें विचारणारीं आपल्यांतील किती मुलें असतील?

पालकांसहि एक विनंति आहे. सुट्टींत मुलांस संग्रहालय दाखविण्यास नेतां, हें उत्तम. परंतु एका दिवसांत सर्व दालनें संपविण्याचा आग्रह धरूं नका. मुलास एकच वस्तु निवडूं द्या, तिच्याविषयीं त्याचा एक प्रश्न कागदावर लिहून घ्या, आणि त्या प्रश्नाचें उत्तर कोणत्या ग्रंथांत मिळेल हें त्याच्याबरोबर बसून शोधा. उत्तर लागण्यास महिना लागला तरी चालेल. शंभर वस्तू पाहून आलेलें मूल चार दिवसांनीं त्या विसरतें. एका वस्तूचा ग्रंथांतून माग काढलेलें मूल ती वस्तु जन्मभर विसरत नाहीं.

आपल्या घरींहि एखादा जुना तांब्याचा पैसा, आजोबांच्या वेळचें कुळवाडीचें पत्र अथवा दवण्याच्या वासाची एखादी पोथी असेल. ती कोणाची, कोठून आली, कोणीं सांगितलें, हें आजच एका वहींत लिहून ठेवा, आणि खालीं तारीख घाला. सांगणारीं माणसें आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.